दारू सोडायचीये: डॉक्टर, एए की सेंटरमधला काउन्सेलर?

घरातला माणूस एकदाचा "सोडतो" म्हणाला की नातेवाईक डॉक्टर, एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायचा गट) आणि व्यसनमुक्ती सेंटर अशा तिन्हीकडून ओढायला लागतात, म्हणून हे लिहितोय.

आधी बघा, सकाळी घोट घेतल्याशिवाय त्याचे हात थरथरतात का. थरथरत असतील तर पहिले डॉक्टर, यात वादच नको. रोज पिणाऱ्याची एकदम बंद केली तर फिट येते, भास होतात, जिवावरही बेततं, आणि तिथे वीस वर्षं सोबर (दारू सोडलेला) असलेला मित्रसुद्धा काही करू शकत नाही.

पण ओपीडीत गोळ्या मिळतात, बोलायला वेळ मिळत नाही. पगार झाला आणि पाय आपोआप बारकडे वळले, हे माणूस त्यालाच सांगतो ज्याने स्वतः कधीतरी फ्लशच्या टाकीत क्वार्टर लपवलीये. त्याच्यापुढे थापा चालत नाहीत, त्या त्याच्या सगळ्या मारून झालेल्या असतात.

असा माणूस एएमध्ये भेटतो. 1935 ला अमेरिकेत सुरू झालेलं, आता आपल्याकडेही मीटिंगा होतात, फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही, आणि स्पॉन्सर (नव्या माणसाला सोबत करणारा जुना मेंबर) मिळाला की रात्री अकरालाही फोन करता येतो. पण त्याने कसलं ट्रेनिंग घेतलेलं नसतं, घरच्यांना रिपोर्ट देणं त्याचं काम नाही (घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे), आणि एएच्या बारा पायऱ्यांत (दारू सोडायच्या बारा टप्प्यांत) देव येतो ते काहींना झेपत नाही.

दुसरा भेटतो सेंटरमध्ये. पुण्याचं मुक्तांगण घ्या, सुनंदा आणि अनिल अवचटांनी 1986 ला सुरू केलं, तिथे बरे झालेले पेशंटच पुढे कामाला लागले. असा काउन्सेलर पगारी असतो, काही चुकलं तर विचारायला वर कुणीतरी असतं, बायकोलाही बोलावून बसवतात. म्हणून माझ्या मते सुरुवात सेंटरमध्ये, बाहेर आल्यावर एए, कारण पैसे संपले तरी मीटिंग बंद होत नाही.

मात्र सेंटर म्हणजे सगळी सारखी नाहीत हां. डॉक्टर कधी येतात ते विचारा, घरच्यांना भेटू देत नसतील किंवा "मारून सरळ करतो" म्हणत असतील तर तिथून निघा. आणि डिप्रेशनच्या गोळ्या बंद कर सांगणारा कितीही जुना सोबर असो, त्याचं त्या बाबतीत ऐकू नका.

अजून एक, डायसल्फिरमची गोळी (ही घेऊन दारू प्यायली की त्रास होतो) आमटीत गुपचूप घालायचा सल्ला शेजारीपाजारी हमखास देतात. त्यावर तो प्यायला तर थेट हॉस्पिटल.

कुठे जायचं तेच सुचत नसेल तर 14416 ला फोन लावा, टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात.