गॅरेजच्या दाराच्या नव्या टॉर्शन स्प्रिंग: एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या आमच्या घराच्या गॅरेजला १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच, वर सरकणारे दार आहे. त्याच्या दोन्ही टॉर्शन स्प्रिंग (दाराच्या वरच्या आडव्या दांड्यावर पीळ देऊन ताणलेल्या स्प्रिंग) गेल्या ऑक्टोबरात बदलल्या आणि नेहमीच्या १०,००० आवर्तनांच्या स्प्रिंगऐवजी २५,००० आवर्तनांच्या बसवून घेतल्या. दार एकदा उघडून मिटले की एक आवर्तन होते. दिवसाला चार आवर्तने धरली तर साधी स्प्रिंग सातेक वर्षांत संपते, आणि नोकरी करणारी दोन माणसे व शाळकरी मुले असलेल्या घरात चार हा आकडा मुळीच मोठा नाही. त्यामुळे जास्तीचे पैसे मला सार्थकी लागलेले वाटतात.

दाराचे वजन प्रत्यक्षात स्प्रिंग पेलते, ओपनरची, म्हणजे बटणाने दार उघडणाऱ्या-मिटणाऱ्या यंत्राची, मोटर ते फक्त हलवते. स्प्रिंग सैल पडू लागली तरी मोटर काही काळ जादा भार ओढत राहते, म्हणूनच बटण दाबून दार वर जाते आहे एवढ्यावर समाधान मानू नये. दार पूर्ण बंद असताना ओपनरची लाल दोरी ओढून दार त्याच्यापासून मोकळे करावे, हाताने अर्ध्यापर्यंत उचलावे आणि हात जवळच ठेवून पकड सैल करावी. ते तिथेच थांबले तर ताण योग्य आहे. खाली घसरू लागले, तर स्प्रिंग थकली आहे. उघड्या दाराची दोरी मात्र ओढू नये, कारण स्प्रिंग तुटलेली असल्यास दार थेट खाली कोसळते.

तुटलेली स्प्रिंग ओळखणे त्यामानाने सोपे आहे: मोठा आवाज होतो, वेटोळ्यांमध्ये स्पष्ट फट दिसते आणि दार काही इंच उचलले जाऊन अडते. कडाक्याच्या थंडीत असे जास्त घडते. दोन्ही स्प्रिंग एकाच वेळी बसवलेल्या असतील, तर एक तुटल्यावर दुसरीही बदलावी, कारण तिनेही तितकीच आवर्तने सोसलेली असतात. हे काम स्वतः करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ताणलेली स्प्रिंग सुटली, तर हात मोडू शकतो.

नव्या स्प्रिंगबाबत एकच तक्रार उद्भवली. जानेवारीत दार किंचित जड वाटू लागले, तेव्हा तंत्रज्ञाने पाव फेरा ताण वाढवून दिला. त्यानंतर हाताने उचललेले दार अर्ध्यावर स्थिर राहते आणि ओपनरची घरघरही पुष्कळ कमी झाली आहे.