फ्लॅट घेताय की जमीन? फूट, मीटर, गुंठा, आर: कुठे काय धरायचं

घर बघायला लागलं की एजंट फुटात बोलतो, ॲग्रीमेंट हातात येतं ते मीटरमध्ये, आणि गावाकडे जमीन बघायला गेलं की गुंठे आणि आर सुरू होतात. नेमकं काय धरायचं? माझं मत सरळ आहे. बघताना फूट वापरा, पण पैसे मोजताना कागदावरचा मीटरचाच आकडा धरा आणि रूपांतर स्वतः करा, समोरच्याने तोंडी सांगितलेलं घेऊ नका.

फुटाचा फायदा मोठा आहे. दहा बाय बाराची खोली म्हटलं की पलंग कुठे बसेल, कपाट कुठे, लगेच कळतं, तेच ३.०५ बाय ३.६६ मीटर म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यासमोर काहीच येत नाही. आजूबाजूचे भावही फुटावरच चालतात, त्यामुळे चार फ्लॅटची तुलना करायची तर फूटच बरं. फक्त १० फूट ६ इंच म्हणजे १०.६ नाही, १०.५ फूट, कॅल्क्युलेटरवर ही गडबड खूप होते.

पण कागद बघा. रेराच्या (घरखरेदीदारांसाठीच्या कायद्याच्या) ॲग्रीमेंटमध्ये कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापराचं क्षेत्र, चौरस मीटरमध्ये, रेडी रेकनरचा (सरकारी किंमत-तक्त्याचा) दर चौरस मीटरला, सातबारा हेक्टर-आरमध्ये. म्हणजे उद्या काही वाद झाला तर उपयोगी पडणार तो मीटरचाच आकडा. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट, पण क्षेत्रफळाला दोनदा गुणायचं असतं, म्हणून १ चौरस मीटरचे १०.७६४ चौरस फूट. समजा ॲग्रीमेंटमध्ये ५८.२ चौरस मीटर आहे, तर ते ६२६ फूट होतात, कोणी तोंडी सरळ ११ ने गुणून ६४० सांगितले आणि भाव ९,००० रुपये फूट असला तर सव्वा लाखाच्या आसपास फरक पडला की! कार्पेट म्हणतायत की बिल्टअप (बाहेरच्या भिंती, बाल्कनी धरून) तेही विचारा, रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात पण बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत.

गोव्यात प्लॉट बघत असाल तर तिथे भावच मीटरवर सांगतात. १०,००० रुपये मीटर ऐकून दचकू नका, फुटाला तो ९२९ च्या आसपास होतो.

जमिनीचं प्रकरण मात्र नीट समजून घ्या, कारण खरा घोळ इथेच होतो. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आर म्हणजे १० बाय १० मीटर, १०० चौरस मीटर. दोन्ही इतके जवळचे की गावात सर्रास आर म्हणजेच गुंठा असं धरतात, पण गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा असतो, आर त्याहून जरासा लहान. आता सातबाऱ्यावर क्षेत्र ०.८१.५० लिहिलंय असं समजा, म्हणजे शून्य हेक्टर, ८१ आर, ५० चौरस मीटर, एकूण ८१५० चौरस मीटर. याला साडेएक्याऐंशी गुंठे म्हणून व्यवहार केला तर चुकलात, १०१.१७ ने भागा, साडेऐंशीच्या जरा वर येतं. म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याचे पैसे नसलेल्या जमिनीचे जातात, आणि शहराजवळ एका गुंठ्याला काय भाव आहे ते तुम्हाला माहितीच आहे. त्यामुळे भाव गुंठ्यावर ठरला तरी इसारपावतीत क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटर असंच लिहून घ्या, आणि शक्य असेल तर मोजणी करूनच पुढे जा.

घर ताब्यात आल्यावर परत तोच प्रश्न येतो. दुकानात ज्याला दोन बाय दोनची टाइल म्हणतात ती बहुतेक वेळा ६०० बाय ६०० मिलीमीटरची असते, म्हणजे दोन फुटाला जरा कमीच, एका टाइलचे ४ नाही तर ३.८७ चौरस फूट भरतात. ६०० फुटांच्या फरशीला १५० टाइल्स पुरतील असा हिशोब करतात, लागतात १५५, आणि कापताना वाया जाते ती वेगळी. बॉक्सवर चौरस मीटर छापलेले असतात (चार टाइल्सचा बॉक्स असेल तर १.४४), त्यावरूनच हिशोब करा.

फर्निचरला सुतार इंच आणि सुतात माप घेतो (८ सूत म्हणजे एक इंच, एक सूत साधारण ३.२ मिलीमीटर) आणि मॉड्युलर किचनवाला सगळं मिलीमीटरमध्ये. दोघांचं काम एकाच भिंतीवर येणार असेल तर माप मिलीमीटरमध्येच घ्यायला लावा, एकाच टेपने, आणि ड्रॉइंगवर तेच लिहून दोघांची सही घ्या.