ऑडिटरची सही दाखवून ठेवी गोळा करणाऱ्या कंपनीपासून सावध राहा

एका कंपनीत ठेवलेले माझे 4,75,000 रुपये. व्याज 18 टक्के, म्हणजे महिन्याला 7,125. काही महिने वेळेवर आलं, मग "बँकेचा प्रॉब्लेम", मग फोन बंद. पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

"एवढं व्याज म्हटल्यावर कळलं नाही?" असं विचारणाऱ्यांना सांगते, ऑडिट झालेला ताळेबंद दाखवला होता. सीएचा शिक्का, सही, सगळं. सामान्य माणसाने आणखी काय बघायचं?

बघायचं होतं ते शिक्क्याला खेटूनच होतं. यूडीआयएन, म्हणजे सीएने सही केलेल्या कागदाचा ओळख क्रमांक, 18 अक्षरी असतो: पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे सहा सीएच्या सदस्य क्रमांकाचे. शिक्क्यात एक क्रमांक, यूडीआयएनमध्ये दुसराच! आयसीएआय या सीएंच्या संस्थेच्या यूडीआयएन पोर्टलवर हे फुकट तपासता येतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर 100 रुपयांत कंपनीची कागदपत्रं दिसतात. तिथे एडीटी-3, म्हणजे ऑडिटरच्या राजीनाम्याचा फॉर्म, पडलेला होता. खरा ऑडिटर केव्हाच राजीनामा देऊन बाहेर. त्याआधीच्या ताळेबंदात आमच्या ठेवी "संचालकांकडून कर्ज" म्हणून दाखवलेल्या, आणि त्यावर सही त्याचीच. मुळात प्रायव्हेट लिमिटेडला बाहेरच्या लोकांकडून ठेवी घेताच येत नाहीत. नावातच लिहिलेलं असतं.

राजीनाम्याने कोणी सुटत नाही. संचालक आपल्या कारकिर्दीतल्या गुन्ह्यांना कंपनी कायद्याच्या कलम 168 प्रमाणे जबाबदार राहतो. ऑडिटरचं म्हणाल तर, राजीनामा दिला तरी कलम 140(5) ची, म्हणजे घोटाळ्यात सामील ऑडिटरवरची, कारवाई थांबत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये आयएल अँड एफएस या वित्त कंपनीच्या प्रकरणात सांगितलंय. 1 कोटीपासून पुढचा घोटाळा दिसला तर केंद्र सरकारला कळवणं ऑडिटरवर बंधनकारक आहे.

हे कागदावर. पोलीस ठाण्यात "दिवाणी मॅटर आहे, वकील बघा". कंपनी कायद्याच्या फसवणुकीच्या कलम 447 मध्ये 10 वर्षांपर्यंत कैद आणि रकमेच्या तिप्पट दंड आहे म्हटलं, तर "ते आमच्याकडे नाही". खरंच नाही! एसएफआयओ (गंभीर घोटाळ्यांचा तपास करणारी केंद्राची यंत्रणा) किंवा केंद्राने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीशिवाय न्यायालय ते घेत नाही. पण मग महाराष्ट्राचा 1999 चा एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा, कायदा कशाला आहे? तो तर ठेवीदारांसाठीच आहे, मालमत्ता जप्त होते. साहेबांना तो आठवतच नाही. कंपनी निबंधकांच्या कार्यालयात अर्जावर शिक्का मारतात, पुढे शांतता. अर्जात एमपीआयडी तुम्हीच ठळक लिहा, पोच घ्या.

एकटे भांडू नका. 100 ठेवीदार किंवा एकूण संख्येच्या 5 टक्के, यातले जे कमी तेवढे जमले की कंपनी कायद्याच्या कलम 245 खाली संचालक आणि ऑडिटर दोघांकडे भरपाई मागता येते. त्यासाठी पावत्या लागतात. आमच्यातल्या अनेकांनी मूळ पावत्या "रिन्यूअलसाठी" परत दिल्या होत्या. नवी हातात पडल्याशिवाय जुनी सोडू नका, आणि दोन्हींचे फोटो काढून ठेवा.