गिअरबॉक्स उघडलाच नव्हता

मागच्या पावसाळ्यात गिअरबॉक्सच्या नावाखाली माझे 26,000 रुपये गेले. खरा दोष निघाला 1,900 रुपयांचा. ज्यांची गाडी गिअरला त्रास देतेय, त्यांनी गॅरेजची पायरी चढण्याआधी हे वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी 2014 ची, पेट्रोल, सत्तर हजार किलोमीटर झालेली. आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी सांगलीहून पुण्याला निघालो होतो. आनेवाडी टोल नाक्यावर रांगेत थांबलो आणि पहिला गिअर पडेना. क्लच पार खाली दाबलेला, तरी दांडा अडायचा. रिव्हर्स टाकून बघितला तर नुसता करर्र आवाज. मागून हॉर्न, शेजारी आई घाबरलेली. घाईघाईत क्लच तीन-चार वेळा भराभर दाबला, तसा गिअर पडला. रोगाची खूण तिथेच मिळाली होती, पण मला ती कळली नाही. त्या आठवड्यात वळणावर ब्रेकचा लाल दिवाही मधूनच लुकलुकत होता.

परत आल्यावर एका नातेवाइकाने सांगितलं म्हणून शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात गाडी दिली. तिथल्या मुलाने एक फेरी मारली आणि उतरताच निकाल दिला, “सिंक्रो रिंग गेल्यात, क्लच प्लेट जळालीय. गिअरबॉक्स उतरवावाच लागेल.” (सिंक्रो रिंग म्हणजे गिअर टाकताना फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणारी कडी.) लाल दिव्याचं मी आवर्जून सांगितलं, तर म्हणाला, “सेन्सर असतो साहेब, दुर्लक्ष करा.” बॉनेट त्याने उघडलंसुद्धा नाही. 28,500 सांगितले, 26,000 वर आले. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आला: वर्तमानपत्रावर मांडलेले गिअर, काळं ऑइल, झिजलेल्या रिंगा. तिसऱ्या दिवशी गाडी मिळाली. जुनी क्लच प्लेट मी मागून घेतली, तीही गोणपाटात गुंडाळून दिली. बिल म्हणजे साध्या कागदावरचे चार आकडे. पैसे मी यूपीआयने पाठवले, तेही मालकाच्या सांगण्यावरून दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर.

गाडी लोण्यासारखी चालली. बारा दिवस. तेराव्या दिवशी सकाळी घराच्या दारातच रिव्हर्स पुन्हा करकरला.

या वेळी गल्लीच्या तोंडाशी छोटं गॅरेज असलेल्या मिस्त्रींना बोलावलं. आधीचं काही सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, “इंजिन बंद ठेवा आणि सगळे गिअर टाकून दाखवा.” पाचही पडले, रिव्हर्ससुद्धा. “आता चालू करा.” पहिला अडला. “मग गिअरबॉक्सला कशाला हात लावायचा? तुमचा क्लच पुरता सुटत नाही.”

हे त्यांनी मला नीट समजावून दिलं. क्लच अर्धवट सुटला की पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवतच राहतं, म्हणून थांबलेल्या गाडीत गिअर अडतो. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रो नसतो, त्यामुळे तो आधी ओरडतो. इंजिन बंद असतानाही दांडा जड लागला, तर दांड्याची केबल, बुश, लिंकेज बघायचं. चालत्या गाडीत एखादाच गिअर, समजा दुसरा, टाकताना दरवेळी खरखरला, तर सिंक्रो रिंगचा संशय घ्यायचा. आणि प्लेट झिजलेली असेल तर घाटात इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही. माझ्या गाडीला या शेवटच्या तिन्हींतलं काहीच नव्हतं. क्लच न सुटण्याचं कारण कधी आतही असतं, प्रेशर प्लेट किंवा बेअरिंग, पण बाहेरचं दोन मिनिटांत बघता येतं, ते आधी बघायचं.

मग त्यांनी माझ्या पायाखालची रबरी मॅट उचलली. खालचा गालिचा ओला होता. पेडलच्या वर, जिथे दांडी मास्टर सिलेंडरमध्ये (पेडल दाबलं की ऑइल ढकलून क्लच सोडवणारा छोटा पंप) शिरते, तिथे त्यांनी बोट फिरवून मला दाखवलं. बोटावर बुळबुळीत ब्रेक ऑइल. माझ्या गाडीत क्लचला आणि ब्रेकला ऑइलची एकच बाटली आहे, आणि क्लचची नळी तिला जरा वरच्या बाजूला जोडलेली. पातळी उतरली की आधी क्लचमध्ये हवा शिरते, ब्रेक लागत राहतो. पेडल भराभर मारलं की तेवढ्यापुरता दाब तयार होतो. आनेवाडीला तेच झालं होतं. आणि लाल दिवा बाटलीतलं ऑइल कमी झाल्याचंच सांगत होता! ब्रेकशी निगडित इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायला सांगणारा माणूस आईसोबत प्रवास करणाऱ्याच्या जिवाशी खेळतो, याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

गाडी जॅकवर घेऊन मिस्त्रींनी बॅटरी मारली. गिअरबॉक्स इंजिनला जोडणाऱ्या बोल्टांवर उसाच्या रस्त्यावरचा काळ्या मातीचा चिखल वाळून दगड झाला होता. एकाही बोल्टाला पाना लागल्याची खूण नव्हती. मी गोणपाट आणलं. त्यांनी दुकानातून माझ्याच मॉडेलची नवी प्लेट आणून त्या जुनीवर ठेवली. जुनी चारी बाजूंनी बोटभर मोठी. दुसऱ्याच गाडीची. रात्री मी तो फोटो पुन्हा उघडला, तर वर बारीक अक्षरांत ‘फॉरवर्डेड’ लिहिलेलं होतं.

म्हणजे त्या मोठ्या गॅरेजवाल्यांनी फक्त बाटली भरली, हवा काढली आणि तीन दिवस गाडी उभी ठेवली.

नवा मास्टर सिलेंडर, ब्रेक ऑइल आणि मजुरी मिळून 1,900 रुपये. आठ महिने झाले, गिअर अडलेला नाही.

गॅरेजवाल्याकडे गेलो, तर तो म्हणाला, “पक्कं बिल दाखवा.” ते मी मागितलंच नव्हतं, जीएसटीचे पैसे वाचतील म्हणून. तरी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपचे मेसेज, चिखलाच्या बोल्टांचे फोटो आणि ती प्लेट जपून ठेवली आहे. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

गाडी कुठे उघडायला द्यायची वेळ आलीच, तर आधी बोल्ट आणि त्याच्या बाजूचं धातू यांवर मिळून नेलपॉलिशचा एक ठिपका द्या आणि त्याचा फोटो काढा. बोल्ट फिरला की ठिपका तुटतो. मिस्त्रींनी हे मला जाता जाता सांगितलं.