मांजर ठेवायचं का आखाड्यावर (शेतातल्या घरी) पाठवायचं? घरात अ‍ॅलर्जीवाला माणूस असेल तर

आमच्या परभणीच्या घरात मांजर राहिलं आणि लातूरला ताईच्या घरातलं गेलं. अ‍ॅलर्जी दोन्हीकडं मांजराचीच, टेस्ट दोन्हीकडं पॉझिटिव्ह, तरी निकाल उलटा लागला आणि आज दोन वर्षांनी बघितलं तर दोन्ही निर्णय बरोबरच होते असं वाटायलंय. सध्या जे कुणी "ठेवावं का द्यावं" या घोळात आहेत त्यांच्यासाठी दोन्ही घरं शेजारी शेजारी ठेवून सांगते, कारण आम्हाला तेव्हा भेटेल तो एकतर "आधी ते मांजर काढा" म्हणायचा नाहीतर "काही होत नाही, सवय होते" म्हणायचा, मधलं कुणी बोलतच नव्हतं.

आमची चिंगी देशी. तुरीच्या पोत्यामागं उंदरं लई झाली म्हणून सासूबाईंनी पिल्लू आणलं, आणि चार-सहा महिन्यांत ह्यांना सकाळी उठल्या उठल्या दहा-पंधरा शिंका, नाक गळायचं, डोळे चोळून चोळून लाल. सासूबाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो." आता केसाचा तसा काही गुन्हा नाही. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलाच्या ग्रंथींत एक प्रोटीन तयार होतं, डॉक्टर लोक त्याला फेल डी १ म्हणतात. मांजर दिवसभर अंग चाटतं, लाळ केसावर वाळते, तिचे अगदी बारीक कण उडतात आणि हवेत कितीतरी वेळ तरंगत राहतात, भिंतीला, पडद्याला, आपल्या कपड्याला चिकटतात. केस म्हणजे नुसती गाडी, माल वेगळाच. म्हणून तर बिनकेसाच्या महागड्या मांजराचीही अ‍ॅलर्जी होते.

पण निर्णय घ्यायच्या आधी एक गोष्ट कराच, मांजरच गुन्हेगार आहे का ते बघा. आपल्याकडं दिवाळीच्या आगंमागं सोयाबीनच्या मळणीची धूळ, पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला कमरेएवढं गाजरगवत, वर्षानुवर्षं न धुतलेल्या वाकळीतले माइट्स (डोळ्याला न दिसणारे धुळीतले किडे), एवढं सगळं नाकात जात असताना नाव मांजराचं घ्यायचं म्हणजे गरिबावर आळ. आम्ही संभाजीनगरला जाऊन हातावर टोचून करतात ती टेस्ट केली, पंधरा-वीस मिनिटांत कळतं, फक्त त्याच्या आधी पाच-सात दिवस सेट्रिझिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात (आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळं एक फेरी फुकट गेली). गोळी बंद करणं जमतच नसेल तर रक्ताची टेस्ट असते, तिला ही अट नाही. ह्यांना निघालं माइट्स आणि मांजर दोन्ही. ताईच्या लेकीला, म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला, मुख्य मांजरच.

टेस्ट करायची नसेल तर घरगुती उपाय आहे, पण तो बहुतेक लोक उलटा करतात. मांजर आठ दिवस शेजारी ठेवतात, शिंका थांबत नाहीत, मग म्हणतात बघा, मांजराचं नव्हतंच. अहो, मांजर गेलं तरी त्याचं प्रोटीन घरात चार-सहा महिने राहतं. त्यापेक्षा माणसालाच बिगर मांजराच्या घरी पंधरा दिवस पाठवा आणि परत आल्यावर काय होतं ते बघा. आमचे हे तर खुशीत गेले असते भावाकडं, पण सुट्टी मिळाली नाही.

आता दोन घरातला खरा फरक. ह्यांचं सगळं नाकात आणि डोळ्यात, छाती कधी वाजली नाही. भाचीला रात्री दोन-तीनला कोरडा खोकला, छातीत शिट्टी, आणि आधी महिन्यातून एखाद्या वेळी लागणारा दम्याचा पंप आठवड्यातून तीनदा लागायला लागला. माझ्या मते सगळा निर्णय इथंच होतो. नाक असेल तर वेळ आहे, करून बघता येतं, चुकलं तर चार शिंका जास्त. छाती वाजत असेल, त्यात लेकरू असेल, तर प्रयोग करत बसायचं नाही. ताईनं तरी तीन महिने काढले, कारण घरात कुणीतरी सांगितलं की पंपाची सवय लागते, पंप नको, मांजरही राहू दे. पंपाची सवय बिवय काही लागत नाही, औषध सरळ श्वासनळीत जावं म्हणून ते तसं दिलेलं असतं. त्या तीन महिन्यांचं ताईला अजून वाईट वाटतं.

ठेवायचं म्हणल्यावर आम्ही काय केलं तर सगळ्यात आधी झोपायच्या खोलीचं दार बंद. एक पैसा खर्च नाही आणि सगळ्यात जास्त फरक याच्यानंच पडला. सात-आठ तास माणूस एका खोलीत, त्यातही उशीत नाक खुपसून, ती एक जागा साफ राहिली की बाकी दिवस निभतो. पहिले पंधरा दिवस चिंगी रात्रभर दाराखालनं पंजा घालून खरडायची, हे आतून "चिंगे गप झोप" म्हणायचे आणि लगेच शिंकायचे. मग तिनंच सासूबाईंच्या पायथ्याशी जागा धरली.

वाकळीचा विषय मात्र जड गेला. सासूबाईंच्या आईच्या लुगड्यांची वाकळ, दोघींनी उचलावी एवढी जड, ती ओली करायची म्हणजे चार दिवस वाळत नाही. त्या म्हणायच्या, "उन्हात टाकली की झालं, किडा मरतो." माइट्सपुरतं ते खरं आहे, आपलं मे महिन्याचं ऊन म्हणजे फुकटची भट्टीच. पण मांजराचं प्रोटीन हा किडा नाही, ते उन्हानं मरत नाही, उष्णतेला दाद देत नाही. ते पाण्यात विरघळतं, म्हणजे त्याला धुवावंच लागतं. शेवटी वाकळ सासूबाईंच्या खोलीत गेली आणि ह्यांच्या अंथरुणावर दोन पातळ चादरी, बादलीत मावणाऱ्या, दर रविवारी धुवायच्या. गादीला चेनवालं कव्हर. पाणी आठवड्याला येत असेल तर याच्यापेक्षा जास्त जमत नाही आणि तेवढं पुरलं.

आपल्या जुन्या पद्धतीच्या घराचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही, खाली शहाबादी फरशी. कार्पेट नाही, सोफे नाहीत, ओल्या फडक्यानं पुसलं की काम झालं. केरसुणीनं कोरडं झाडलं तर सगळं परत हवेत, म्हणून आधी पुसायचं, आणि ते काम अ‍ॅलर्जीवाल्या माणसानं करायचं नाही (ह्या नियमाचा आमच्याकडं एका माणसानं पुरेपूर फायदा घेतला). दुसरा फायदा कूलरचा. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि समोरचं दार उघडं ठेवावंच लागतं, म्हणजे घरातली हवा सारखी बदलत राहते, तर एसी तीच हवा फिरवत बसतो. एप्रिल-मेमधे चव्वेचाळीस डिग्रीत ह्यांना कमी त्रास आणि जानेवारीत दारं-खिडक्या लावून बसलं की जास्त, याचं कोडं आम्हाला फार उशिरा सुटलं. फक्त कूलरचं गवत दर सीझनला बदला, कुजकं गवत म्हणजे बुरशी, ती वेगळी अ‍ॅलर्जी.

औषधात नाकाचा स्प्रे, स्टिरॉइडचा. नाव ऐकून घाबरू नका, पण डॉक्टरांनाच विचारून घ्या, आणि तो त्रास झाला की तेवढ्यापुरता मारायचा नसतो, रोज मारायचा असतो, पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे जातात. ह्यांनी चार दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून फेकला होता. सेट्रिझिननं ह्यांना झोप यायची, बाइकवर जाणाऱ्या माणसाला ते बरं नाही, डॉक्टरांनी फेक्सोफेनाडिन दिलं. मेडिकलवाल्याकडनं ती अ‍ॅलर्जी-दम्यावरची माँटेलुकास्टची गोळी वर्षानुवर्षं आपल्या मनानं खाणारे लई आहेत, त्या गोळीनं काही जणांची झोप, मूड बिघडतो, लेकरांचा सुद्धा, अमेरिकेत २०२० मधे तिच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावलाय, तेव्हा उगं खात बसू नका.

मांजराला आंघोळ? केली, दोनदा. माझ्या हातावर अजून खुणा आहेत. प्रोटीन कमी होतं पण आठवड्याच्या आत परत तेवढंच, चाटणं थोडंच थांबतंय. हवा साफ करायचं हेपा फिल्टरचं मशीन चांगलं, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरतं, पण हवेतले, गादीतले नाही, आणि आठ-दहा हजाराच्या पुढं जातं. गादीचं कव्हर आधी, मशीन नंतर.

आता ताईचं. बंड्या बोका, न कापलेला (बोक्यात हे प्रोटीन मांजरीपेक्षा जास्त असतं, नसबंदी केली की कमी होतं). त्याला औशाकडच्या आखाड्यावर पाठवायचं ठरलं, सालगड्याच्या घरी आधीच मांजरं होती. लोक पोत्यात घालून लांब सोडून येतात तसलं ताईनं केलं नाही, आणि करूही नका, एकतर मांजर परत येतं, येत नसेल तर मरतं, आणि उपाशी मरेल असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात गुन्हा आहे. बंड्याला आखाड्यावरच्या खोलीत तीन आठवडे कोंडून ठेवला, खाणं-पाणी आत, मग दार उघडलं. तो तिथलाच झाला.

देणाऱ्यांनी लिहून ठेवावं ते हे, की त्या दिवसापासून आराम मिळत नाही. ताईनं सोफ्याचे कव्हर, पडदे, गाद्यांची कव्हरं सगळं धुतलं, भिंती पुसल्या, ते सुद्धा लातूरच्या पाण्यात. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलेल्या गावात पडदे धुवायला पाणी काढणं काय असतं ते तिलाच माहीत. दोन महिन्यांत खोकला कमी झाला आणि तिसऱ्या महिन्यात परत रात्री शिट्टी. कळेना. मग कपाटात भाचीच्या फ्रॉकच्या मागं बंड्याची उशी सापडली, आठवण म्हणून पोरीनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेली आणि रोज रात्री काढून वास घ्यायची. ताई रडली, पोरगी रडली, उशी धुतली. पाचव्या महिन्यात पंप परत महिन्यातून एखाद्या वेळी. म्हणजे देताना लेकराशी बोला, नाहीतर लेकरू आपला बंदोबस्त आपण करतं.

आणि हो, बंड्या गेल्यावर ताईकडं उंदरं आली. उंदराच्या मुताचीही अ‍ॅलर्जी असते, तीसुद्धा दमेकऱ्याला वाईट, त्यामुळं बिळं बुजवणं, धान्य पत्र्याच्या कोठीत घालणं हे मांजर देण्याच्याच हिशोबात धरा.

मधला रस्ता म्हणजे अंगणातलं मांजर, आमच्या शेजारी आहे. आत कमी येतं म्हणून त्रास कमी, पण अंगावर, कपड्यावर येतंच, आणि गल्लीतली कुत्री, रस्ता, ऊन. वाडा असेल, उंच माळवद असेल तर जमतं, अपार्टमेंटवाल्यांना हा पर्याय नाहीच. अ‍ॅलर्जीच हळूहळू कमी करायचा इंजेक्शनचा कोर्स किंवा जिभेखालचे थेंब, तीन ते पाच वर्षं चालतात, आपल्या भागात नेटानं जाणं अवघड, पण ज्याला नाकाचं कायमचं बघायचंय आणि मांजर सोडायचंच नाही त्यानं अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना विचारावं.

अजून मांजर आणलंच नसेल तर तुम्ही सगळ्यात सुखी. अ‍ॅलर्जी न होणारी जात म्हणून ऑनलाइन जे काही विकायलेत त्याला भुलू नका, अशी जात नाही, एखाद्या मांजरात प्रोटीन कमी असतं एवढंच. परदेशात मांजरासाठी अंड्यातल्या अँटीबॉडीवाला (हे प्रोटीन निकामी करणारा) खुराकही निघालाय, प्युरिनाचा, कंपनीच्याच अभ्यासात तिसऱ्या आठवड्यापासून केसावरचं प्रोटीन सरासरी ४७ टक्क्यांनी कमी, म्हणजे निम्मं तर उरतंच. त्यापेक्षा जे मांजर आणायचंय त्याच्याच घरी अ‍ॅलर्जीवाल्या माणसाला चार-पाच वेळा तासभर बसवा, हातात घेऊ द्या, त्या रात्री झोप कशी लागली ते विचारा. छाती आधीच वाजत असेल तर हेही नको.

आता भाची आमच्याकडं मुक्कामाला येत नाही, परभणीला आली की मामाकडं उतरते, आणि आम्ही लातूरला जायचं असलं की धुतलेले कपडे वेगळ्या पिशवीत भरून आदल्या रात्रीच झोपायच्या खोलीत ठेवतो, तिथं गेल्या गेल्या बदलायला. खोलीत ठेवतो म्हणजे ठेवावंच लागतं, कारण पिशवी पाच मिनिटं जरी बाहेर राहिली तरी चिंगी येऊन तिच्यावरच बसते.