फाउंटन ग्रासच्या पाकिटातून राळा निघाला

मागच्या ऑक्टोबरात आमच्या इमारतीतल्या आठ घरांचे मिळून ३,४८० रुपये बियाण्यात गेले. रक्कम ऐकून कुणी म्हणेल, एवढंच ना. पण त्यातले माझे ४५० होते, बाकीचे शेजाऱ्यांनी माझ्या भरवशावर दिलेले होते. आणि पैशांबरोबर अख्खा हिवाळा गेला. मुंबईत थंडीच्या फुलांना जेमतेम चार महिने मिळतात, मार्च लागला की पेटुनिया सुकायला लागते. तो हंगाम कुणी भरून देत नाही.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत वीसेक फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी मातीची पट्टी आहे. तिथे वर्षानुवर्षं फुटक्या लाद्या पडून होत्या. मी खिडकीच्या ग्रिलमध्ये बियांपासून फुलझाडं करते त्याला आता बारा वर्षं झाली. पावसाळ्यात तेरडा, कॉसमॉस, कोंबडा, झिनिया. पाऊस संपला की डायंथस, फ्लॉक्स, पेटुनिया. राणीच्या बागेत महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं, ते बघून आल्यावर तळमजल्यावरच्या काकूंनीच विषय काढला, की आपली ती पट्टी अशी का नको? लाद्या उचलल्या, माती आणली. बी मी आणायचं, रोपं मी करायची असं ठरलं.

जाहिरात मोबाईलवर आली. जांभळ्या पानांचं फाउंटन ग्रास हे शोभेचं गवत, गुलाबी धुकं उतरल्यासारखं मुहली ग्रास, टोपलीतून खाली लोंबणारी पेटुनिया आणि निळा गुलाब. खाली लिहिलेलं, ‘इम्पोर्टेड बियाणं, ९५ टक्के उगवण’. फोटो इतके सुंदर होते की बैठकीत मोबाईल हातोहात फिरला.

निळ्या गुलाबाला मी नको म्हटलं होतं. गुलाबात निळ्या रंगाचं डेल्फिनिडिन हे द्रव्य तयारच होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीनं दुसऱ्या फुलाचं जनुक घालून तो रंग गुलाबात आणायला अनेक वर्षं घालवली, २००४ साली तसं जाहीर केलं, २००९मध्ये जपानात फुलं विकायला काढली, आणि तीही प्रत्यक्षात फिकट जांभळीच आहेत. शिवाय बागेतले कलमी गुलाब बियांपासून केले तर आईसारखे येत नाहीत, म्हणून ते डोळा भरून किंवा फांदी लावूनच करतात. हे सगळं मला माहीत होतं. तरी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा हट्ट म्हणून ते पाकीट घेतलं आणि बाकीची पाकिटंही त्याच विक्रेत्याकडून घेतली. जो निळ्या गुलाबाचं बी विकतो त्याच्या पेटुनियावरही विश्वास ठेवायचा नसतो, हा विचार मी तिथेच करायला हवा होता. तुम्ही करा. विक्रेत्याच्या यादीत निळा गुलाब दिसला की ती यादी तिथेच बंद करा.

पैसे यूपीआयनं गेले. पावतीवर दुकानाचं नाव नव्हतं, कुणा व्यक्तीचं होतं. आठ दिवसांनी लिफाफा आला. आत प्लॅस्टिकच्या चिमुकल्या पिशव्या, त्यांवर पेनानं नावं. लॉट नंबर नाही, चाचणीची तारीख नाही, मुदत नाही. १९६६च्या बियाणे कायद्यात अधिसूचित वाणांच्या पिशवीवर किमान उगवणशक्ती आणि शुद्धता लिहिणं बंधनकारक आहे, आणि चांगल्या कंपन्या दहा-वीस रुपयांच्या झिनियाच्या पाकिटावरही हे सगळं छापतात. ‘इम्पोर्टेड’ म्हणावं तर परदेशातून बी आणायला २००३च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाप्रमाणे परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा कुठे उल्लेखही नव्हता.

आता खरी गोम सांगते. ‘काही तक्रार असल्यास सात दिवसांत कळवा’ असं त्यांनी लिहिलं होतं. त्या आठवड्यात परतीचा पाऊस रोज संध्याकाळी कोसळत होता. अशा दमट हवेत पेटुनिया पेरली की कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात. म्हणून मी पाकिटं डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली आणि दहाव्या दिवशी पेरणी केली. बागकाम जाणणारा कुणीही हेच करेल. आणि हा सगळा धंदा त्याच्यावरच उभा आहे. साडी फाटकी निघाली तर घडी उघडताच कळतं. बी खोटं आहे हे कळायला दिवस लागतात, फुलाचा रंग खोटा आहे हे कळायला महिने. तोवर त्यांची मुदत संपलेली असते आणि आपण स्वतःलाच दोष देत बसलेलो असतो, की पाणी जास्त झालं, ऊन कमी पडलं.

पन्नास खणांच्या ट्रेमध्ये नवं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत भरून मी पेरलं. तिसऱ्या दिवशी ‘निळा गुलाब’ उगवला. गुलाबाचं बी कडक, कोनदार असतं, त्याला आधी काही आठवडे थंडी लागते, मग कुठे ते रुजतं. इथे तिसऱ्या दिवशी बदामाच्या आकाराची दोन दोन दलं, म्हणजे बीतून निघणारी पहिली पानं, वर आली होती. एक पान चुरडून वास घेतला. मोहरी! ‘पेटुनिया’चं बी पेरतानाच मला खटकलं होतं. पेटुनियाचं बी म्हणजे तपकिरी धूळ, ग्रॅमभरात दहा हजारांच्या आसपास दाणे, ते ओल्या काडीच्या टोकानं उचलावे लागतात. हे काळे, चकचकीत, बोटाला नीट लागणारे दाणे होते. पंधरा दिवसांत ट्रेमध्ये लाल माठ उभा राहिला. मुहली ग्रास मुळी उगवलंच नाही.

मी फोटो पाठवले. उत्तर आलं, “मॅडम, तुमच्या मातीत आधीच मोहरीचं बी असणार.” मी सांगितलं, माती घातलेलीच नाही, नवं कोकोपीट आहे. मग सूर मऊ झाला. “तुमच्यासाठी नवी पाकिटं मोफत पाठवतो, फक्त कुरिअरचे १२० द्या.” मी दिले. लोकांना रोज जिन्यात तोंड दाखवायचं होतं, म्हणून दिले. दुसऱ्या पिशव्यांतही तेच दाणे होते. त्यानंतर त्यांनी माझा नंबर ब्लॉक केला.

फाउंटन ग्रास मात्र जोमानं वाढत होतं. पानं हिरवी होती, पण ब्लॉक करण्याआधी विक्रेत्यानं सांगितलं होतं, थंडी पडली की जांभळी होतील. मी ती रोपं पट्टीत लावली. सगळ्यांची आशा तेवढ्यावरच होती. काकू रोज सकाळी झारीनं पाणी घालायच्या. डिसेंबरच्या मध्यावर कणसं बाहेर पडली, तेव्हा सासूबाईंना खाली घेऊन गेले. त्यांचं माहेर मंगळवेढ्याकडचं. त्यांनी वाकून एक कणीस हातात धरलं आणि म्हणाल्या, “अगं, हे तर राळं. भोगीला भात करतो ते.” मी काहीच बोलू शकले नाही. काकू शेजारी झारी घेऊन उभ्या होत्या.

राळा वाईट नाही, आमच्याकडे भोगीला राळ्याचा भात असतोच. पण क्रॉफर्ड मार्केटात पाखरांचं खाद्य म्हणून किलोवर मिळणारे दाणे २०० नग ३४९ रुपयांना विकले गेले होते. फाउंटन ग्रासच्या बीला बारीक केसांचा झुपका असतो. माझ्या हातात आले होते ते गुळगुळीत, पिवळसर, गोल दाणे. नंतर एका नर्सरीवाल्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. जांभळ्या पानांचा जो प्रकार फोटोत दाखवतात, तो जवळजवळ वांझ असतो, त्याला रुजणारं बी धरत नाही. ठोंब फोडूनच तो वाढवतात. म्हणजे त्याचं बी विकणाऱ्याकडे ते असण्याची शक्यताच नाही. साधं हिरवं फाउंटन ग्रास बियांवर येतं, तेही इतकं की हवाई बेटांवर त्याला तण म्हणून उपटतात. पण फोटो कुणी हिरव्याचा लावत नाही.

आता मी पाकीट आलं की त्याच संध्याकाळी उघडते. लिफाफा उघडतानाच मोबाईलवर चित्रण करते, दाणे पांढऱ्या कागदावर पसरून रुपयाच्या नाण्याशेजारी फोटो काढते. पाऊस असो की ऊन, दहा-वीस दाणे लगेच ओल्या टिश्यूत, झाकणाच्या डब्यात. टिश्यूला पावसाळा लागत नाही, कोंब तिथेही येतोच. झिनिया चार-सहा दिवसांत, पेटुनिया आठ-दहा दिवसांत (तिला उजेड लागतो, म्हणून डबा पारदर्शक घ्यायचा). वेळेच्या फार आधी उगवलं तरीसुद्धा मी संशय घेते, हे मोहरीनं शिकवलं. गवत म्हणून आलेल्या बीला दोन दलं फुटली किंवा झिनिया-पेटुनियासारख्या फुलझाडाच्या बीतून एकच पातं वर आलं, तर पुढे थांबण्यात अर्थ नाही. ते बी दुसरंच आहे.

तक्रार मी केली, पण उशिरा. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला फोन केला तेव्हा पहिला प्रश्न आला, बिल आहे का? नव्हतं. २०२०च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्यानं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा तपशील द्यायचा असतो. त्यांच्या पानावर होता फक्त एक व्हॉट्सॲप नंबर. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० आहे, तिथेही नोंद केली. तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. मी दोन महिन्यांनी पोचले होते. पैसे मिळाले नाहीत.

शेजाऱ्यांचे पैसे मी परत केले. काकूंनी घेतले नाहीत. त्या पैशांचं झिनियाचं बी आण म्हणाल्या, आणि यंदा जूनमध्ये ते पट्टीत पेरलं.

हे आता लिहायचं कारण, परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. पानाचं नाव वेगळं आहे, फोन वेगळा आहे, फोटो तेच. जांभळ्या गवताच्या फोटोखाली एका बाईंनी विचारलं होतं, “आम्ही बोरिवलीला राहतो, बाल्कनीत येईल का?” मी लगेच लिहिलं, घेऊ नका, हा राळा आहे. दहा मिनिटांत माझं उत्तर पुसलं गेलं. त्या बाईंपर्यंत ते पोचलं की नाही, मला कळायला मार्ग नाही.