टॅम्पा, हेस्टिंग्ज की ओक्राकोक? चाच्यांच्या जत्रेला निघण्याआधी

आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर वर्षी शाळा सुरू झाल्या की कुणीतरी विचारतंच, "मुलांना पायरेट फेस्टिव्हल दाखवायचाय, कुठला बरा?" मी या तीन ठिकाणी जाऊन आलेय, त्यामुळे उत्तर माझ्याच गळ्यात पडतं. दर वेळी तुकड्यातुकड्यांत टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी शब्दाची गंमत. मराठीत चाचा म्हणजे समुद्रावरचा लुटारू. शेजारच्या कानपूरच्या भाभींना माझा मुलगा तलवार परजत म्हणाला, "मी चाचा झालोय!" त्यांनी शांतपणे विचारलं, "किसके?"

टॅम्पाची गास्पारिला ही जत्रा सगळ्यात मोठी. जानेवारीचा शेवटचा शनिवार, फ्लोरिडातली सुखाची हवा, रस्त्यावर सुमारे तीन लाख माणसं. १९०४ पासून चालू आहे. होझे गास्पर नावाचा स्पॅनिश चाचा शहरावर चाल करून येतो, मेयर त्याला शहराची किल्ली देतात आणि मग बेशोर बुलेवार्डवरून मिरवणूक निघते. चाच्यांचं जहाज १९५४ साली मुद्दाम या सोहळ्यासाठी बांधलेलं आहे. १६५ फूट लांब, तीन डोलकाठ्या, तोफा, झेंडे, सगळा थाट. फक्त इंजिन नाही, त्यामुळे टगबोटी त्याला ओढत आणतात. शहर लुटायला निघालेल्या चाच्यांना दुसऱ्यांनी धक्का मारत आणायचं हे बघून मला पहिल्यांदा जे हसू फुटलं ते अजून आठवतं.

त्याहून मोठी गंमत म्हणजे हा गास्पर कधी झालाच नाही. ना स्पेनच्या कागदपत्रांत त्याचा पत्ता, ना अमेरिकेच्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लोरिडातल्या एका रेल्वे कंपनीने आपल्या हॉटेलाकडे गिऱ्हाइकं खेचायला एक माहितीपत्रक छापलं, त्यातून ही कथा पसरली. शेवटसुद्धा फक्कड: पकडले जायची वेळ आली तेव्हा गास्परने म्हणे नांगराचा साखळदंड कमरेला गुंडाळला आणि समुद्रात उडी घेतली. टॅम्पातल्या लोकांना हे सगळं ठाऊक आहे आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही.

आमच्याबरोबर माझे सासरे, अप्पा, होते. ते मूळचे अलिबागचे. मिरवणुकीतल्या गाड्यांवरून प्लास्टिकच्या मण्यांच्या माळा फेकतात आणि लोक त्या लग्नातल्या अक्षता झेलाव्यात तशा झेलतात. अप्पांच्या गळ्यात तासाभरात अकरा माळा जमल्या. जांभळ्या, सोनेरी, एक तर चक्क कवट्यांची. एवढा वेळ ते खुशीत होते. मग त्यांनी विचारलं, "हा गास्पर नक्की कधी झाला?" झालाच नाही म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे न झालेल्या चाच्याला शहराची किल्ली, आणि आमचे कान्होजी खरे आरमारप्रमुख, त्यांना म्हणायचं पायरेट! त्यांनी कुणाचं घोडं मारलं होतं?"

त्यांची तक्रार रास्त आहे. कान्होजी आंग्रे छत्रपतींचे सरखेल होते. त्यांच्या हद्दीतून जाणाऱ्या जहाजाला त्यांचा परवाना लागे, तसा तो पोर्तुगीजही आपल्या हद्दीत मागत. ईस्ट इंडिया कंपनीला हे जाचायला लागलं आणि तिने त्यांच्यावर चाचा हा शिक्का मारला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. खरी चाचेगिरी बघायची तर त्याच समुद्रात १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रजाने मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं गंज-ए-सवाई हे जहाज लुटलं. त्याचा राग सुरतेतल्या कंपनीच्या माणसांवर निघाला आणि त्यांना कैदेत बसावं लागलं. तरी जत्रेतल्या 'जगातले प्रसिद्ध चाचे' छापाच्या पोस्टरवर आंग्रे दिसले तर दचकू नका. मी आता मुलांना तिथेच उभं करून दोन मिनिटांत हे सांगते आणि पुढे जाते.

टॅम्पाला जायचंच असेल तर लहान मुलांसाठी आठवडाभर आधी निघणारी मुलांची मिरवणूक गाठा, तिथे दारूला बंदी असते. मुख्य दिवशी दुपारनंतर बियरचा वास आणि ढकलाढकली दोन्ही वाढतात. आम्ही गाडी कुठे लावली हे संध्याकाळी कुणालाच आठवेना, तो तास मी विसरायच्या प्रयत्नात आहे. या जत्रेचं एक पान मात्र मोठ्या मुलांना जरूर सांगा. ती चालवणाऱ्या जुन्या मंडळात काळ्या माणसांना प्रवेश नव्हता. त्यावरून वाद पेटला आणि १९९१ साली, सुपर बोल हा अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना टॅम्पात असताना, मंडळाने प्रवेश खुला करण्याऐवजी मिरवणूकच रद्द केली. पुढे दार उघडावं लागलं.

हेस्टिंग्ज इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे, लंडनहून रेल्वेने साधारण दीड तास. तिथला पायरेट डे जुलैत असतो. इतिहास शोधायला जाऊ नका, तो वेश करून हिंडायचा दिवस आहे. पण इंग्लंडमधली दोन गावं एकमेकांना कशी खिजवतात ते बघायला मिळतं. कॉर्नवॉलमधल्या पेन्झन्सने २०११ मध्ये ८,७३४ चाचे एका जागी जमवून जागतिक विक्रम केला. हेस्टिंग्जने २२ जुलै २०१२ ला १४,२३१ उभे केले. पेन्झन्सने २०१४ ला पुन्हा कंबर कसली आणि ७७ माणसांनी हुकले! आपल्याकडे एका मताने सरपंचपद जावं तशी ती हळहळ असणार. बहिणीकडे लंडनला गेलो तेव्हा आम्ही एक दिवस जाऊन आलो. किनाऱ्यावर गोटे आहेत, वाळू नाही, आणि त्या गोट्यांवर मांडी ठोकून एक सत्तरीच्या आजी डोळ्यावरची पट्टी कपाळावर सरकवून शब्दकोडं सोडवत होत्या. आजूबाजूला ढोल आणि त्या मात्र सातव्या आडव्या शब्दावर अडलेल्या. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर मला हीच जत्रा बरी वाटते: चालायला कमी, बसायला जागा, चहा हाताशी.

खरं मन मात्र ओक्राकोकवर बसलंय. आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलायनात, त्यामुळे थोडा पक्षपात समजून घ्या. ओक्राकोक हे हजाराच्या आत वस्तीचं बेट आहे. तिथे पूल नाही, फेरीनेच जावं लागतं. ऑक्टोबरच्या अखेरीस तिथे ब्लॅकबिअर्डच्या नावाने जत्रा भरते. हा चाचा खरा होता आणि तिथेच मेला: २२ नोव्हेंबर १७१८. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने पाठवलेल्या लेफ्टनंट मेनार्डने आपली बरीचशी माणसं डेकखाली दडवली, ब्लॅकबिअर्डला वाटलं जहाज रिकामं पडलंय, म्हणून तो चढून आला. खालून माणसं वर आली. मेनार्डने नंतर ब्लॅकबिअर्डच्या अंगावर पाच गोळ्यांच्या आणि वीसेक वारांच्या जखमा मोजल्या. मुंडकं जहाजाच्या पुढच्या काठीला टांगून नेलं. जत्रेत ही लढाई छोट्या जहाजांवरून करून दाखवतात. समोरचं पाणी तेच असल्यामुळे गर्दीही जरा दबून बघते.

जाताना वाट वाकडी करून बोफर्टचं सागरी संग्रहालय बघा. ब्लॅकबिअर्डचं बुडालेलं जहाज १९९६ मध्ये त्याच गावाजवळ सापडलं आणि त्यातल्या वस्तू इथे आहेत. ते जहाज मुळात गुलाम वाहून नेणारं फ्रेंच जहाज होतं, हेही तिथेच कळतं. मला सगळ्यात लक्षात राहिलं ते एक धातूचं सिरिंज. बोटभर लांब टोक, बारीक छिद्र. त्यात पाऱ्याचा अंश सापडला, कारण तेव्हा गुप्तरोगावर पारा टोचत, आणि टोचत कुठे ते मुलांनी विचारू नये म्हणून मी पुढच्या काचेकडे वळले. याच ब्लॅकबिअर्डने १७१८ च्या मे महिन्यात चार्ल्सटन बंदर अडवून ओलीस धरले आणि खंडणी काय मागितली, तर औषधांची पेटी. ते सिरिंज बघितल्यावर ही मागणी मला अजिबात विनोदी वाटेना.

कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांवर १९७७ पासून नोव्हेंबरात पायरेट्स वीक होतो. समुद्रकिनाऱ्याची सुट्टी म्हणून उत्तम, खिशाला जड. त्यासाठीच विमान पकडून जावं असं मला वाटत नाही.

कुठेच जाणं जमत नसेल तर १९ सप्टेंबर आहे. चाच्यांसारखं बोलायचा हा जागतिक दिवस दोन अमेरिकन मित्रांनी १९९५ मध्ये रॅकेटबॉल खेळताना काढला. त्यातल्या एकाच्या घटस्फोटित बायकोचा वाढदिवस त्या दिवशी असतो, म्हणून तारीख लक्षात राहील, एवढंच कारण. दिवसभर प्रत्येक वाक्याआधी "अर्र" म्हणायचं. हा उच्चार खऱ्या चाच्यांचा नाही. १९५० च्या एका सिनेमात डॉर्सेटमध्ये जन्मलेल्या रॉबर्ट न्यूटन या नटाने आपल्या गावाकडच्या ढंगात बोलून तो रूढ केला. आपल्याला काही शिकावं लागत नाही, दूध उतू गेलं की आपण वर्षाचे ३६५ दिवस "अर्रर्र!" म्हणतोच.

तर या वर्षी विचारणाऱ्यांना माझं उत्तर: मुलं आठ वर्षांच्या वरची असतील तर ओक्राकोक. मुख्य भूमीवरच्या स्वान क्वार्टरहून येणाऱ्या फेरीला अडीच तासांहून जास्त लागतात, तिकीट पडतं आणि आरक्षण आधी केलेलं बरं. शेजारच्या हॅटरास बेटावरून येणारी फेरी फुकट आणि तासाभराची, पण तिथे रांग. डेकवर वारा झोंबतो, स्वेटर हाताशी ठेवा. आणि तिखटमिठाच्या पुऱ्या न्या, पण उघड्या धरू नका, सीगल थेट हातातून उचलतात.